दुर्योधनाच्या टाळूवरची प्लेट

वेणुगोपाल नूरित्ताय यांचे दात छप्पन्न वर्षं वाकडे होते आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. वरचे दोन सुळे असे पुढे आलेले, की ते हसले की समोरचा माणूस नकळत अर्धं पाऊल मागे सरकायचा. एरवी ते पुत्तूरच्या बाजाराजवळ एका सुपारी सोसायटीत प्रतवारीचं काम करीत. आठवडाभर सुपाऱ्या कापून बघायच्या, पोटातून चांगली कुठली आणि किडकी कुठली ते ठरवायचं, आणि रविवारी कुठल्या तरी देवळाच्या सभागृहात बसून कृष्णाला चार शब्द सुनावायचे. कारण ताळमद्दळेतले ते नावाजलेले अर्थधारी होते; दुर्योधन, जरासंध, रावण ही त्यांची पात्रं. असल्या पात्रांना ते सुळे उलट शोभूनच दिसत.

ताळमद्दळेत वेष नसतो, नाच नसतो. भागवत पद म्हणतो, चेंडे आणि मद्दळे ही तालवाद्यं वाजतात, आणि धोतर नेसून, शाल घेऊन समोरासमोर बसलेले दोन अर्थधारी त्या पदाचा अर्थ आपापल्या पात्राच्या तोंडून, तिथल्या तिथे सुचेल तसा मांडतात. हत्यार एकच, जीभ. नूरित्तायांची जीभ अशी चालायची, की समोरच्या कृष्णाला कधी कधी आपण देव आहोत याचा विसर पडायचा.

मग त्यांची मुलगी सौपर्णिका वाकडे दात सरळ करण्याचं शिक्षण पुरं करून मंगळूरहून परत आली. बसस्टँडसमोर दोन खोल्या घेऊन तिनं दवाखाना उघडला. तीन आठवडे झाले, दवाखान्यात आलं ते फक्त एक मांजर.

"येतील कसे?" वारिजाम्मा, नूरित्तायांच्या पत्नी, एका संध्याकाळी तव्यावरून नीर दोसा काढता काढता म्हणाल्या. "काल देवळात ती पोस्टातली बाई मला तोंडावर म्हणाली, डॉक्टरच्या बापाचे दात बघितले की पोटात गोळा येतो."

हातातला दोसा नूरित्तायांनी ताटात ठेवला, मुलीकडे वळले आणि म्हणाले, "उद्यापासून माझे कर."

अडीच वर्षं त्यांच्या दातांवर तारा होत्या. त्या काळात त्यांनी सुपारीचं खांड चावून एकूण चौदा वेळा तारेचे खिळे उखडले. विडा बंद झाला. कैरीचं लोणचं बंद झालं. पण बोलण्यात काही फरक पडला नाही. तारांच्या मागून दुर्योधन आणखीच धारदार वाटायचा. आणि ज्या दिवशी तारा निघाल्या, त्या दिवशी त्यांनी आरसा दोनदा पुसून बघितला.

"हा कोण?" त्यांनी शेवटी विचारलं.

सौपर्णिकेनं त्यांचे दोन फोटो दवाखान्याच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावले, आधीचा आणि नंतरचा. तिथपासून गाडी चालू लागली. मुलांना घेऊन आयाबाप येऊ लागले. पण पुत्तूरचे लोक फोटोवर विश्वास ठेवणारे नव्हेत. सोमवारच्या आठवडी बाजारात ते नूरित्तायांना अडवायचे. "अण्णा, जरा ई करा बघू." नूरित्ताय एका हातात दुधी भोपळा धरून ई करायचे. लोक वाकून बघायचे, मान डोलवायचे, शेजारच्याला बोलावून दाखवायचे. मुलीसाठी ते हेही करीत.

अडचण आली ती प्लेटची.

"दात सरळ झालेत," सौपर्णिका म्हणाली, "पण त्यांना ते अजून पटलेलं नाही. आजूबाजूचं हाड घट्ट होईपर्यंत ते जुन्या जागी पळणार. त्यांना धरून ठेवायला ही प्लेट." ती गुलाबी रंगाची होती, टाळूच्या बरोबर मापाची, आणि पुढून एक तार दातांवरून जात होती. "बावीस तास लावायची. जेवताना आणि दात घासताना तेवढी काढायची."

"आणि बोलताना?"

"बोलताना तर मुळीच काढायची नाही. दोनतीन आठवडे जीभ अडखळेल. बोलत राहिलात की सवय होईल."

"आतून चिकटवायची बारीक तार असते ना?"

"असते. तुमच्यासारख्या सुपारीवाल्याच्या तोंडात ती चार दिवस टिकणार नाही."

तिनं प्लेट त्यांच्या टाळूला बसवली. नूरित्तायांनी जीभ फिरवून बघितली. घरात कुणीतरी न विचारता येऊन कपाट ठेवून गेल्यासारखं वाटलं.

"थौपर्णिका," ते म्हणाले, आणि दचकून थांबले. मग पुन्हा, जरा सावकाश: "थौ... हे काय घातलंथ माझ्या तोंडात?"

बाकी सगळी अक्षरं जागेवर होती. श आणि ष कसेबसे निभावत होते. स मात्र पार गेला होता. ज्या माणसानं तीस वर्षं हस्तिनापुराच्या सिंहासनावर बसून समेट नाकारला, त्याला आता हस्तिनापूरही म्हणता येईना, सिंहासनही म्हणता येईना आणि समेटही म्हणता येईना.

तेव्हा नूरित्तायांनी सोपी वाट धरली. दवाखान्यातून बाहेर पडलं की ते प्लेट काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. सोसायटीत खिशात, बाजारात खिशात, रविवारच्या कार्यक्रमात तर नक्कीच खिशात. घरी आले की दारातच पाठ फिरवून ती टाळूला दाबायची, आणि दिवा मालवला की पुन्हा काढायची. असे तीन महिने गेले. जिभेला सवय व्हायला वेळच मिळाला नाही. घरात बोलायचे तेव्हा ते पहिल्या दिवसाइतकेच बोबडे असायचे. वारिजाम्मांना वाटायचं, वय झालं.

एका शुक्रवारी सौपर्णिकेनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि प्लेट बसवू लागली. बसेना. तिनं पुन्हा दाबली, तेव्हा कशीबशी बसली. नूरित्तायांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"किती तास लावता, अप्पा?"

"बावीथ."

"खरं सांगा."

त्यांनी छताकडे बघितलं. "दोन. कधी कधी अडीच."

ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. बोलण्याची तयारीही त्यांनी करून ठेवली होती. पण ती उठली आणि भिंतीवरचा दुसरा फोटो खिळ्यावरून काढू लागली.

"काय करतेथ?"

"वरचा उजवा दात फिरायला लागलाय. सगळे पुन्हा निघालेत. खोटा फोटो लावून कसं चालेल? त्या प्रभूंची मुलगी काल म्हणाली, डॉक्टर, तुमच्या अप्पांसारखे होतील ना माझे? मी हो म्हणाले."

नूरित्ताय खुर्चीतून उठले, तिच्या हातातला फोटो घेतला आणि परत खिळ्यावर लावला. तो तिरका बसला, तो सरळ केला. मग खिशातली प्लेटची निळी डबी काढून त्यांनी मुलीच्या हातात ठेवली.

"थहा महिने," ते म्हणाले. "डबी तुझ्याकडे. जेवायच्या वेळी माग."

"परवा कृष्णसंधान आहे. दामोदर बल्लाळांसमोर."

"ठाऊक आहे."

दामोदर बल्लाळ हे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांचा कृष्ण गोड बोलायचा आणि बोलता बोलता समोरच्याच्या शब्दाला हळूच दावं बांधून त्याला आपल्या गोठ्यात नेऊन उभा करायचा. नूरित्ताय आणि ते तीस वर्षं समोरासमोर बसलेले, एकमेकांच्या घरच्या लग्नांत वाढप केलेले. पण एकमेकांचा एकही मुद्दा त्यांनी आजवर मान्य केलेला नव्हता. त्या वर्षी ताळमद्दळे मंडळानं सात रविवार महाभारत लावलं होतं. पहिल्या रविवारी कृष्णसंधान, म्हणजे कृष्ण पांडवांसाठी पाच गावं मागायला येतो आणि दुर्योधन सुईच्या टोकाएवढी जमीनही नाकारतो तो प्रसंग. मग पुढचे सहा रविवार त्यापायी युद्ध.

दुपारी दोनला सभागृह भरलं. पुढच्या रांगेत सौपर्णिका निळी डबी मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्या आजूबाजूला तिचे रुग्ण: तारा लावलेल्या चारपाच मुली, त्यांचे आईबाप. शीनप्प भागवतांनी पद म्हटलं. मद्दळे थांबलं. नूरित्तायांनी शाल सावरली.

"ये, कृष्णा! हथ्तिनापुराच्या राजथभेत तुझं थ्वागत आहे!"

मागच्या बाजूला कुणाला तरी ठसका लागला. सौपर्णिकेनं डोळे मिटून घेतले. बल्लाळांच्या भुवया वर गेल्या आणि हळूहळू खाली आल्या. खाली येताना त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की नूरित्तायांनी शाल पुन्हा सावरली. तीस वर्षांत त्यांनी या माणसाला इतकं प्रसन्न कधी बघितलं नव्हतं.

पण बल्लाळांनी ते लगेच उचललं नाही. तासभर त्यांनी नूरित्तायांना वाट दिली. पाच गावांची नावं सांगितली, भाऊबंदकीवर बोलले, विदुराच्या घरच्या कण्यांची चव सांगितली. शेवटी पद आलं ते सगळे ज्याची वाट बघत होते तेच, आणि नूरित्ताय गुडघ्यावर हात आपटून गरजले:

"पाच गावं राहू दे! थुईच्या टोकावर बथेल एवढी मातीथुद्धा मी देणार नाही!"

चेंडे कडाडले. ते थांबल्यावर बल्लाळांनी प्रेक्षकांकडे बघितलं.

"ऐकलंत ना सभाजनहो? राजानं थुई नाकारली." ते अगदी शांतपणे बोलत होते. "थुई म्हणजे काय, मला ठाऊक नाही. असेल कुरुकुळातली काही खास चीज. पांडवांनी ती कधीच मागितलेली नाही, आणि राजानं ती खुशाल आपल्याकडे ठेवावी. सुईच्या टोकाएवढ्या जमिनीला मात्र राजानं नकार दिलेला नाही. नकार नाही, म्हणजे ती मिळाली. आणि तेवढी मिळाली की मी त्या सुईत दोरा ओवून पाचही गावं मागोमाग ओढून नेईन. युद्धाला आता कारण उरलं नाही. मी उपप्लव्याला जाऊन धर्मराजाला ही आनंदाची बातमी सांगतो."

आणि त्यांनी शाल घडी करून खांद्यावर टाकली आणि ते उठून उभे राहिले.

प्रेक्षकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, एकमेकांच्या पाठी थोपटत होते. शीनप्प भागवत पदांच्या वहीची पानं पुढेमागे करत होते. पुढचं प्रत्येक पद युद्धाकडे जाणारं होतं. शेवटी मंडळाचे चिटणीस चंद्रहास रै धावत मंचावर आले आणि त्यांनी चहा-कापीसाठी दहा मिनिटांची विश्रांती जाहीर केली.

मंचामागच्या खोलीत रै बल्लाळांपुढे येऊन उभे राहिले. "अहो मास्तर मारायरे, युद्ध नाही म्हणजे काय? पुढचे सहा रविवार लागलेत! भीष्मपर्वाला सुळ्या गावाहून भीष्म येतोय! कर्णपर्वाची पत्रकं वाटून झाली! लोकांना काय सांगू, समेट झाला, घरी जा?"

"मी काय करणार?" बल्लाळांनी गोळीबजेचं गोल भजं चटणीत बुडवलं. "कृष्ण समेटासाठीच आला होता. आजवर कधी जमला नव्हता. आज जमला."

"तुम्ही ते शब्द मागे घ्या."

"कृष्ण मागे घेत नाही. दुर्योधनानं नीट नकार द्यावा; मी ऐकतो."

रै सौपर्णिकेकडे वळले. "डॉक्टर, पाया पडतो. एक तासासाठी ती वस्तू त्यांच्या तोंडातून काढा. महाभारत थांबलंय!"

सौपर्णिकेनं वडिलांकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. लहानपणापासून ती त्यांना सभागृहं गाजवताना बघत आली होती. त्यांना असं मान खाली घालून बसलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. तिनं डबी उघडली आणि त्यांच्यापुढे धरली.

"काढा, अप्पा. एका तासानं काही होत नाही. मीच सांगते."

नूरित्तायांचा हात वर आला. अंगठा तारेपाशी गेला. तेवढ्यात दारातून प्रभूंची मुलगी डोकावली. तिच्या दातांवर कालच निळ्या रबरांच्या तारा लागल्या होत्या आणि ती ओठ मिटून, त्यांच्याकडे टक लावून बघत होती. नूरित्तायांनी हात खाली घेतला. डबी हलकेच मिटली.

"राहू दे," ते म्हणाले. "मला फक्त थोडा वेळ द्या."

ते मागच्या दारानं बाहेर गेले आणि विहिरीच्या कठड्यापाशी उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी सुपाऱ्या निवडल्या होत्या. आता ते शब्द निवडू लागले. एकेक शब्द उचलायचा, कापून बघायचा, आत स निघाला की टाकून द्यायचा. टाकलेल्यांचा ढीग फार मोठा होता. त्यात त्यांची राजधानी होती, त्यांचं आसन होतं, त्यांचा सख्खा भाऊ होता, पांडवांपैकी एक पूर्ण पांडव होता. आणि त्यांच्या असं लक्षात आलं, की कुणालाही अरेतुरे केलं, की वाक्याच्या शेवटी तो स शेपटासारखा लटकतो.

आत येऊन ते मांडी घालून बसले. मद्दळे वाजलं आणि थांबलं.

"माधवा," ते म्हणाले, "थोडं थांबा. आपण फार घाईनं उठलात."

बल्लाळ जिथल्या तिथे वळले. "काय ऐकतोय मी! जन्मभर मला गवळ्याचं पोर म्हणून अरेतुरे करणारा दुर्योधन आज 'आपण' म्हणतोय! हृदय पालटलं! आता पाच गावं कशाला, अर्धं राज्यच लिहून दे."

"दूताला मान देणं ही आमच्या घराण्याची रीत," नूरित्ताय म्हणाले. "मान दिला म्हणजे राज्य दिलं, ही रीत गोकुळातली."

मागच्या रांगेतून एक टाळी आली. बल्लाळ पुन्हा बसले. त्यांना काय चाललंय ते कळलं होतं, आणि आता त्यांनी एकेक खड्डा खणायला घेतला.

"बरं राजा, मी आलोय ती नगरी कुठली? नाव तरी कळू दे."

"गजनगरी. वाट चुकून तर आला नाहीत?"

"आणि भर सभेत द्रौपदीच्या वस्त्राला ज्यानं हात घातला, त्या तुझ्या भावाचं नाव?"

"ज्याच्या नावानं भीमाची झोप उडाली आहे, तोच तो. भीमालाच विचारा, तो अहोरात्र तेच नाव पुटपुटत हिंडतो."

"तू बसलायस ते काय?"

"माझ्या आजोबांच्या आजोबांची गादी."

"आणि माझी बहीण, अर्जुनाची बायको?"

"परक्याच्या बायकोचं नाव मी घेत नाही. एकदा एकीचं घेतलं, त्याचा हिशेब मागायलाच तर आपण आला आहात."

आता प्रेक्षकांना खेळ कळला. प्रत्येक प्रश्नाला सभागृह श्वास रोखायचं आणि शब्द निसटला की सोडायचं. तिसऱ्या रांगेतल्या एक आजी राहवेना म्हणून मोठ्यानं "सारथी!" म्हणाल्या, आणि नूरित्तायांनी "रथ हाकणारा" म्हटल्यावर त्यांनी शेजारणीच्या मांडीवर चापट मारली. तारा लावलेल्या मुली बोटांवर काहीतरी मोजत होत्या. सौपर्णिकेनं डबी इतकी घट्ट धरली होती की झाकणाला चीर गेली. एकदाच, 'समुद्र' म्हणताना, नूरित्तायांची जीभ दातांच्या मागे जाऊन थबकली. त्यांनी तो समुद्र 'अफाट पाणी' करून टाकला.

बल्लाळांनी शेवटी शाल बाजूला ठेवली.

"हे सगळं ठीक झालं. माझा प्रश्न एकच. सुई. देतोस की नाही? पण नाव घेऊन सांग. गोलगोल फिरू नकोस. नाव न घेता दिलेला नकार मी नकार मानणार नाही."

रै भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. नूरित्तायांनी तांब्यातलं पाणी प्यायलं. तांब्या खाली ठेवला. तो नीट बसला की नाही ते बघितलं. विहिरीपाशी हा शब्द त्यांनी दहा वेळा कापून बघितला होता. दहाही वेळा आत तेच निघालं. मग त्यांनी मान वर केली आणि तोंड उघडल्यावर जे आलं ते बोलून टाकलं.

"केशवा, आपण म्हणता, ज्याचं नाव माझ्या मुखातून आलं नाही, ते मी नाकारलंच नाही. मान्य. पण जे राजाच्या मुखात नाही, ते राजाच्या राज्यात तरी कुठून येणार? या राज्यातलं प्रत्येक गाव, प्रत्येक ओढा, प्रत्येक गाय मी नावानं ओळखतो. आपण मागता त्या टोकदार चिजेचं नाव मला घेता येत नाही. म्हणजे ती माझ्या राज्यात नाहीच. आणि जी माझ्याकडे नाहीच, ती देऊ कुठून? ती नाही, तिचं टोक नाही, टोकावरची माती नाही. दुकानं बरीच आहेत. द्वारकेला जाताना विकत घ्या. आणि पांडवांना म्हणावं, रणात भेटू!"

शीनप्प भागवतांनी पद सुरू करण्याची वाटही बघितली नाही. चेंडेवाल्यानं आधीच घाव घातला होता. लोक उभे राहिले. आजी रडत होत्या. रैंनी दोन्ही हात जोडून छताकडे बघितलं. युद्ध परत मिळालं होतं.

बल्लाळांनी शाल पुन्हा खांद्यावर घेतली, आणि मग कृष्ण हरल्यावर नेहमी जे म्हणतो तेच ते म्हणाले, की युद्ध अटळ आहे हे जगाला कळावं म्हणूनच आपण आलो होतो. पण आवाजात जीव नव्हता.

महिनाभर तालुक्यात दुसरा विषय नव्हता. ती करामत प्लेटचीच, असं लोकांचं ठरलं. सुळ्याच्या मंडळाचं बोलावणं आलं, कासरगोडचं आलं, आणि प्रत्येकात एक ओळ ठळक होती: प्लेटसकट यावे.

नूरित्तायांनी मात्र आता ती खरोखर बावीस तास लावली, आणि व्हायचं तेच झालं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते ओसरीवरून म्हणाले, "कापी झाली का गं, सौपर्णिका?" आणि स्वतःच थबकले. मग दिवसभर ते तिला कारण नसताना हाका मारत होते. संध्याकाळी वारिजाम्मा म्हणाल्या, "पुरे झालं नाव. पोर दवाखान्यात आहे, इथे कुणाला बोलावता?"

सुळ्याचे लोक नाराज झाले. कार्यक्रमाआधी तिथल्या अध्यक्षांनी त्यांचं तोंड उघडून आत बघितलं.

"प्लेट तर आहे."

"आहे."

"मग बोबडं का बोलत नाही?"

"सवय झाली."

"अहो, लोक गाड्या करून आलेत. निदान दोनचार तरी स पाडा."

नूरित्तायांनी साफ नकार दिला. त्या दिवशी ते मुद्दाम अकरा वेळा सिंहासन म्हणाले. कार्यक्रम बरा झाला. अर्धे लोक कापीनंतर परत आले नाहीत.

तिरका झालेला दात दोन महिन्यांत जागेवर आला. मग एका गुरुवारी सकाळी अकराला दामोदर बल्लाळ छत्री मिटत दवाखान्यात शिरले. सौपर्णिका त्यांची शाळेतली विद्यार्थिनी. ती उठून उभी राहिली.

"बस, बस. मला तुझ्या बापासारखी एक प्लेट दे."

"मास्तर, ती दात सरळ झाल्यावर लावतात."

"मग माझे आधी वाकडे आहेत की नाहीत ते बघ."

तिनं बघितले. "खालचे एकावर एक चढलेत. पण तारा लावाव्या लागतील. दीड वर्ष. वय बघता हळूहळू जावं लागेल."

"चालेल. दीड वर्ष त्याला जिंकू दे."

"मास्तर, त्या दिवशीचं प्लेटमुळे नव्हतं."

"ते मी बघतो. तू काम सुरू कर."

तिनं ठशाचा साचा तयार केला, त्यात हिरवट लगदा भरला आणि त्यांच्या खालच्या दातांवर दाबून बसवला. "आता तीन मिनिटं बोलायचं नाही, हलायचं नाही. ठसा हलला तर पुन्हा घ्यावा लागतो." बल्लाळांनी मान हलवून होकार दिला, तोंड उघडं, हनुवटीवर कागद, डोळे छताकडे.

नेमके त्याच वेळी नूरित्ताय मुलीचा जेवणाचा डबा घेऊन आले. दारातच उभे राहून त्यांनी खुर्चीतला माणूस बघितला, साचा बघितला, मुलीकडे बघितलं.

"बोलता येत नाही?" त्यांनी विचारलं.

"तीन मिनिटं."

नूरित्तायांनी डबा टेबलावर ठेवला, स्टूल ओढून बल्लाळांच्या अगदी समोर आणलं आणि त्यावर बसले. बल्लाळांचे डोळे छतावरून सावकाश खाली आले.

"मास्तर," नूरित्ताय म्हणाले, "विट्लचा कार्यक्रम, सत्तावीस वर्षांपूर्वी. तुम्ही म्हणालात, कर्णानं कवच दिलं तिथेच तो हरला. चूक. साफ चूक. कसं ते सांगतो."

बल्लाळांनी घशातून आवाज काढला.

"हलू नका मास्तर," सौपर्णिका म्हणाली.

"दुसरं, वालीवधावरून तुम्ही मला सगळ्यांसमोर जे ऐकवलंत ते. त्याचं उत्तर मला घरी पोहोचल्यावर सुचलं. तेव्हापासून सांभाळून ठेवलंय." आणि नूरित्तायांनी ते उत्तर दिलं. चांगलं होतं. सौपर्णिकेच्याही हातातलं काम थांबलं. बल्लाळांनी एक बोट उचललं, मग दुसरं. म्हणजे याला दोन हरकती आहेत. नूरित्तायांनी दोन्ही बोटं प्रेमानं धरून खाली ठेवली आणि जरासंधावर आले. बल्लाळांची मान लाल झाली, पाय हलू लागला, आणि भीमाचा विषय निघताच त्यांच्या तोंडातून लगद्यातून वाट काढत एक मोठा, अर्थहीन, पण स्पष्टपणे विरोधी आवाज आला.

सौपर्णिकेनं साचा काढून उजेडात धरला आणि मान हलवली.

"जरासंध दोनदा फाटला होता," हनुवटी न पुसताच बल्लाळ म्हणाले, "एकदा नव्हे! हे तू विसरलास!"

"मास्तर," ती म्हणाली, "ठसा हलला. पुन्हा घ्यावा लागेल."

नूरित्तायांनी स्टूल आणखी थोडं पुढे घेतलं.